फ्लोरिडात घर घेताना सिंकहोलचा विमा: कोट हातात आल्यावर काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टॅम्पाच्या उत्तरेला, पास्को काउंटीतल्या लँड ओ' लेक्समध्ये १९८४ सालचं घर पसंत पडलंय. काँट्रॅक्टवर सह्या झाल्यात आणि इन्स्पेक्शनची मुदत चालू आहे. विम्याचे तीन कोट, म्हणजे दरपत्रकं, आली, तिन्हींत 'कॅटॅस्ट्रॉफिक ग्राउंड कव्हर कोलॅप्स: समाविष्ट' असं छापलंय, आणि एजंट म्हणतोय की सिंकहोल, म्हणजे खालची जमीन खचून पडणारा खड्डा, त्यातच आला. मग कळलं की तीन घरं सोडून एका घराखाली, जमीन खचत होती म्हणून, काही वर्षांपूर्वी सिमेंट भरलं होतं. तुम्ही वेगळा सिंकहोल विमा मागितलात, तर एका कंपनीने नाही म्हटलं, दुसरी म्हणते आधी तपासणी. आणि कोथरूडहून बाबा विचारतायत की आपल्या फ्लॅटच्या पॉलिसीत जमीन खचणं धरलेलं आहे, मग तुमच्या अमेरिकेत एवढं काय अवघड?

मी टॅम्पा बे भागात बरीच वर्षं घरांचे विमे विकते. स्वतंत्र एजंट आहे, त्यामुळे कुठल्या एका कंपनीची तळी उचलायची गरज नाही.

एजंटाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धंच तुम्हाला लागणारं आहे. फ्लोरिडात 'जमीन खचली' या प्रकारासाठी दोन निरनिराळी कव्हर आहेत. पहिलं, तुमच्या कोटमध्ये दिसणारं, राज्यातल्या प्रत्येक अधिकृत कंपनीला कायद्याने द्यावंच लागतं. दुसरं, 'सिंकहोल लॉस', हे वेगळं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, आहे. त्याला जादा प्रीमियम पडतो, ते मागावं लागतं आणि मागितलं तरी मिळेलच असं नाही. दोन्ही फ्लोरिडाच्या कायद्यातल्या कलम ६२७.७०६ मध्ये शेजारी शेजारी आहेत. बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

पहिल्या कव्हरचे पैसे मिळायला चार गोष्टी व्हाव्या लागतात, आणि चारही. जमिनीचा वरचा थर अचानक कोसळला पाहिजे. खळगा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसला पाहिजे. पायासकट इमारतीचं स्ट्रक्चरल नुकसान झालं पाहिजे. आणि ज्या सरकारी खात्याला तसा अधिकार आहे त्याने घर राहण्यास अयोग्य ठरवून रिकामं करण्याचा आदेश काढला पाहिजे. यातली चौथी अट पुन्हा वाचा. काउंटीचा माणूस येऊन दारावर तो कागद चिकटवत नाही तोवर हे कव्हर जागं होत नाही. अंगणात खड्डा पडला, पण घर उभं आहे: नाही. भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली, पण तुम्ही आत राहताय: नाही.

बातम्यांत येतात ती घरं या चार अटींत बसतात. २८ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री हिल्सबरो काउंटीतल्या सेफनरमध्ये बेडरूमखालची जमीन गेली. आत झोपलेला माणूस शेवटपर्यंत सापडला नाही, घर पाडावं लागलं, आणि तोच खड्डा २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये उघडला. तुम्ही घर बघताय त्याच लँड ओ' लेक्समध्ये जुलै २०१७ मध्ये एका खड्ड्याने दोन घरं गिळली. त्याची चित्रफीत तुम्ही पाहिली असेलच. पाहिली नसेल तर नातेवाईक पाठवतीलच.

पण माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं तशी नसतात. ब्लॉकच्या भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जाणारी भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली रेघ, जी मागच्या वर्षी रंगवून बुजवली होती आणि आता पुन्हा उघडली. न्हाणीघराचं दार, जे उन्हाळ्यात अडकायचं, ते आता बाराही महिने अडकतं. टाइल्सवर गोटी ठेवली तर एकाच कोपऱ्याकडे धावते. असं घर पाच-सात वर्षं हळूहळू बसत जातं. कोणी रिकामं करायला सांगत नाही, आणि दुरुस्तीचा अंदाज मात्र चाळीस-पन्नास हजार डॉलर सहज निघतो, मोठं घर असेल तर लाखाच्या पुढेही. हे नुकसान पहिल्या कव्हरमध्ये बसत नाही. यासाठीच ते दुसरं एन्डोर्समेंट असतं.

तुमच्याकडे कुठलं आहे ते ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्या पॉलिसीत सिंकहोल लॉस नाही, तिच्यात कायद्याने एक इशारा छापावाच लागतो, ठळक आणि चौदा पॉइंटच्या अक्षरात. त्याचा आशय असा: जमीन कोसळून घर निकामी आणि राहण्यास अयोग्य ठरलं तरच या पॉलिसीत संरक्षण आहे, एरवी सिंकहोलच्या नुकसानीला संरक्षण नाही, ते जादा प्रीमियम भरून घेता येतं. एजंटाकडून नुसती कोटची पानं घेऊ नका, नमुना पॉलिसीची पीडीएफ मागा आणि तो परिच्छेद शोधा. सापडला, तर वाद संपला. कव्हर असेल तर पहिल्या पानावर, ज्याला आम्ही डेक पेज म्हणतो तिथे, 'सिंकहोल लॉस' अशी वेगळी ओळ असेल आणि तिच्यासमोर वेगळं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही सोसायचा वाटा, असेल. ती ओळ नसेल तर एजंट तोंडाने काय म्हणाला त्याला अर्थ नाही.

आता तुमच्या भागात हे का होतं, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडी आहे, तिच्यात पाणी भरलेल्या पोकळ्या आहेत आणि वर वाळू-मातीचा थर आहे. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवत राहतं. जात्याच्या तोंडात ओतलेलं धान्य खाली सरकायला लागलं की वर खळगा पडतो, तशी वरची माती त्या पोकळ्यांत झिरपत जाते. खालच्या पाण्याचा आधार असतो तोवर पोकळीचं छत टिकतं. लांब दुष्काळाने किंवा बेसुमार उपशाने पाण्याची पातळी उतरली आणि त्यावर धो-धो पाऊस झाला, की धोका वाढतो. जानेवारी २०१० मध्ये प्लांट सिटी आणि डोव्हर भागात सलग अकरा दिवस कडाक्याची थंडी पडली. स्ट्रॉबेरी गोठू नये म्हणून शेतकऱ्यांनी रात्रंदिवस पाण्याचे फवारे चालू ठेवले, भूजल जवळपास साठ फूट उतरलं, आणि त्या पट्ट्यात शंभराहून जास्त खड्डे पडले. हर्नांडो, पास्को आणि हिल्सबरो या तीन काउंट्यांना इथे 'सिंकहोल ॲली' म्हणतात. तुम्ही मधलीत आहात. मायामीत राहणारा तुमचा मित्र सांगतो की त्याने असा विमा कधी मागितलाच नाही. त्याला तो अनुभव आहे, तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

कंपन्या एवढ्या कचरतात त्याला इतिहास आहे. राज्याच्या विमा नियामकाने कंपन्यांकडून आकडे मागवले, त्यात २००६ मध्ये २,३६० सिंकहोल क्लेम होते, ते २०१० मध्ये ६,६९४ वर गेले. जमीन तर चार वर्षांत बदलली नव्हती. दर शनिवारी घराघरांत पत्रकं टाकणारे वकील आणि पब्लिक ॲडजस्टर, म्हणजे घरमालकाच्या बाजूने क्लेम लढवणारे, वाढले होते. बऱ्याच लोकांनी पैसे घेतले आणि घर तसंच ठेवलं, कुणी त्यातून कर्ज फेडलं. मग २०११ मध्ये कायदा घट्ट झाला आणि प्रामाणिक माणसाचंही त्यात कंबरडं मोडलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

घट्ट म्हणजे किती, ते एका उदाहरणाने सांगते. आता सिंकहोल लॉस मिळायला दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक, नुकसान 'सिंकहोलच्या हालचालीमुळे' झालंय, म्हणजे माती खरोखर चुनखडीतल्या पोकळीत जातेय. खाली पुरलेली झाडांची खोडं कुजली, फुगणारी-आकसणारी चिकणमाती आहे, भराव नीट दाबला नव्हता, किंवा पाइप फुटून माती वाहून गेली, तर घर तितकंच तडकतं, पण हा क्लेम होत नाही. दोन, 'स्ट्रक्चरल नुकसान'. या शब्दाची कायद्यात पाच निकषांची व्याख्या आहे. त्यातला एक निकष भिंतीच्या झुकण्याबद्दल आहे. भार पेलणारी बाहेरची भिंत इतकी कलली पाहिजे की तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या बाहेर पडला पाहिजे. आठ इंची ब्लॉकची भिंत घ्या. मधला तिसरा हिस्सा म्हणजे साधारण पावणेतीन इंच, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना सव्वा-दीड इंच. एवढी कललेली भिंत गवंड्याला लांबून दिसते. बाकीचे निकष फरशीच्या आणि पायाच्या सरकण्याबद्दल, कोसळण्याच्या शक्यतेबद्दल आणि बिल्डिंग कोडमधल्या गंभीर नुकसानीबद्दल आहेत, तेही सैल नाहीत. म्हणून 'एन्डोर्समेंट घेतलं की प्रत्येक भेगेचे पैसे मिळणार' अशी समजूत असेल तर ती आत्ताच काढून टाका. रंगाखालची केसाएवढी रेघ स्टको, म्हणजे बाहेरचा गिलावा, वाळताना पडते, तिच्यासाठी कोणी बोअर मारून जमीन तपासत नाही.

तरीही तुम्ही हे कव्हर घ्यावं असं मी म्हणेन. तुमचा पत्ता आणि शेजारचं सिमेंट, दोन्ही बघता.

आता ते मिळवायचं कसं. ज्या कंपनीने तपासणी मागितली तिच्यावर रागावू नका. माझ्या लेखी तिघींत तीच सगळ्यात कामाची आहे. सिंकहोल कव्हर देण्याआधी घर बघण्याचा हक्क कायद्यानेच कंपनीला दिलाय. जी बघते ती द्यायचा विचार तरी करते. ही तपासणी बोअर मारून होत नाही. माणूस येतो, बाहेरून चारही भिंती बघतो, आतल्या फरशा, छताचे कोपरे, खिडक्या-दारं बघतो, अंगणातले खळगे बघतो, फोटो काढतो आणि जातो. फी बहुधा तुमच्या खिशातून जाते आणि कव्हर नाकारलं तरी परत येत नाही. विक्रेत्याची परवानगी लागते, म्हणून रिअल्टरला, म्हणजे घराच्या दलालाला, आजच सांगा. आणि विक्रेता तपासणीच्या दोन दिवस आधी भिंतीला ताजा रंग मारताना दिसला तर मला कळवा, निर्णय सोपा होईल.

मुदतीकडे लक्ष ठेवा. इथल्या नेहमीच्या 'ॲज इज', म्हणजे घर आहे त्या स्थितीत घेण्याच्या, काँट्रॅक्टमध्ये इन्स्पेक्शनच्या दिवसांची जागा कोरी सोडली तर १५ दिवस धरतात, पण बहुतेक वेळा तिथे सात किंवा दहा लिहिलेले असतात. तेवढ्या दिवसांत तुम्ही कारण न देता माघार घेऊन डिपॉझिट परत मागू शकता. त्यानंतर विम्याची अडचण ही तुमची अडचण. बँक तुम्हाला थांबवेल असं समजू नका. बँकेला घरविमा हवा असतो, सिंकहोल एन्डोर्समेंट बहुतेक बँका मागतच नाहीत. तपासणीची तारीख मुदतीत बसत नसेल तर मुदत वाढवून लेखी घ्या. मी माझ्या ग्राहकांना ऑफर लिहायच्या आधीच पत्ता पाठवायला सांगते. घर आवडायच्या आत विम्याचा अंदाज आलेला बरा, कारण स्वयंपाकघर आवडलं की माणसाला भिंतीतली भेग दिसत नाही.

क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा होणं, ऑगस्ट-सप्टेंबरात असेल तर आणखी एक. नाव दिलेलं वादळ राज्याच्या जवळ आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणं बंद करतात, सिंकहोलचा त्याच्याशी संबंध नसला तरी. सगळे कागद आधी तयार ठेवा.

खासगी कंपन्यांनी हात वर केले तर दोन वाटा उरतात. एक सिटिझन्स, म्हणजे राज्याने स्थापन केलेली, ज्यांना बाजारात कोणी घेत नाही त्यांच्यासाठीची कंपनी. पण एखाद्या अधिकृत खासगी कंपनीचा तसाच कोट सिटिझन्सच्या प्रीमियमपेक्षा २० टक्क्यांहून जास्त महाग नसेल तर तिथे तुम्हाला दार बंद आहे. आणि नव्या सिंकहोल कव्हरसाठी तपासणी तिथेही आहेच. दुसरी वाट सरप्लस लाइन्सची, म्हणजे राज्याच्या दरनियमनाबाहेरच्या कंपन्या. इथे जपून. एक तर कंपनी बुडाली तर फ्लोरिडाचा गॅरंटी फंड, म्हणजे फिगा, सरप्लसच्या क्लेमला हात लावत नाही. दुसरं, ज्या 'फुकटच्या' कॅटॅस्ट्रॉफिक कव्हरने मी सुरुवात केली ते सक्तीने देण्याचं बंधन अधिकृत कंपन्यांना आहे. सरप्लसच्या पॉलिसीत तेही आहे असं गृहीत धरू नका. मी अशा पॉलिसी पाहिल्यात ज्यांत 'अर्थ मूव्हमेंट' सरसकट वगळलेलं असतं, कारण काहीही असो. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पण शब्द न् शब्द वाचून.

पुराचा विमा घेतलाय म्हणून निर्धास्त असाल तर तेही नाही. सरकारी फ्लड पॉलिसीत जमिनीची हालचाल वगळलेली आहे, मग ती पाण्याने झालेली का असेना.

डिडक्टिबल हा भाग लोक घाईत सोडून देतात, म्हणून जरा थांबते. सिंकहोलचं डिडक्टिबल बाकीच्यापेक्षा वेगळं असतं आणि टक्क्यांत असतं. कायद्यात १, २, ५ आणि १० टक्के असे पर्याय आहेत. प्रत्यक्षात तुमच्या काउंटीत बहुधा १० टक्केच समोर येतात. हे टक्के नुकसानीचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे. तुमच्या कोटमध्ये घराची रक्कम, कव्हरेज ए, चार लाख दिसतेय. दहा टक्के म्हणजे चाळीस हजार डॉलर. दुरुस्तीचा अंदाज पंचेचाळीस हजार आला, तर कंपनी पाच देणार. नव्वद आला, तर पन्नास. म्हणजे हे कव्हर मधल्या दुखण्यासाठी नाही, मोठ्या दुखण्यासाठी आहे. हे समजून प्रीमियम भरला तर पुढे मनस्ताप होत नाही. आणि चाळीस हजार एका झटक्यात उभे करता येतील का, हा हिशेब क्लोजिंगच्या आधी घरात बसून करा. पाच टक्क्यांचा पर्याय मिळत असेल तर दोन्हींच्या प्रीमियममधला फरक मागून घ्या. कधी कधी तो वाटतो त्यापेक्षा कमी असतो.

तसंच 'मुख्य इमारत' हा शब्द बघा. कंपनीला कव्हर फक्त मुख्य इमारतीपुरतं ठेवायची मुभा आहे. ड्राइव्हवे, फरसबंदी, पॅटिओ, वेगळी शेड त्यात धरत नाहीत. अंगणातल्या पूलखाली जमीन गेली तर पूल तुमचा.

आता तुमच्या शेजाऱ्याच्या सिमेंटबद्दल, आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही घेताय त्या घराच्या इतिहासाबद्दल. सिंकहोलचा क्लेम देताना कंपनीला इंजिनिअरचा अहवाल काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टाकडे नोंदवावा लागतो, जमिनीच्या वर्णनासह. पास्कोच्या क्लर्कच्या ऑनलाइन नोंदींत पत्ता टाकून भागत नाही. मागच्या सगळ्या मालकांची नावं एकेक करून शोधा, नावं काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर मिळतात. विक्रेत्याने स्वतः क्लेम घेतला असेल आणि पैसे मिळाले असतील, तर ते आणि सगळे पैसे दुरुस्तीवर खर्च केले की नाही हे क्लोजिंगच्या आधी सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पण क्लेम त्याच्या आधीच्या मालकाचा असला तर हे कलम त्याला लागत नाही, म्हणून नावं मागपर्यंत शोधायची. विक्रेत्याकडून घराचा क्लू रिपोर्टही मागा. त्यात गेल्या काही वर्षांतले क्लेम दिसतात, आणि तो मालकालाच मागवता येतो.

दुरुस्त केलेलं घर दिसलं की लोक पळतात. मी पळत नाही. ज्या घराखाली ग्राउटिंग झालंय, म्हणजे सिमेंट भरलंय, पायाला स्टीलचे पिन लावलेत, इंजिनिअरचा आधीचा अहवाल, कामाचा रोजचा तपशील आणि शेवटचं पूर्णत्वाचं पत्र अशी पूर्ण फाइल आहे, ते घर मला 'इथे कधी काही झालंच नाही' असं सांगणाऱ्या शेजारच्या घरापेक्षा जास्त बरं वाटतं. अशा घराला काही कंपन्या सिंकहोल कव्हर देतात, काही देत नाहीत, आणि फाइल अपुरी असेल तर कोणीच देत नाही. खरा धोका आहे तो क्लेमचे पैसे घेऊन दुरुस्त न केलेल्या घरात. रोख पैसे देणारे गुंतवणूकदार अशी घरं स्वस्तात उचलतात, रंग-टाइल्स करतात आणि पुन्हा विकायला काढतात. तुमच्या घराची मालकी गेल्या वर्षभरात एखाद्या एलएलसीकडे, म्हणजे व्यक्तीऐवजी कंपनीकडे, गेली असेल तर दोनदा तपासा.

शेजारी क्लेम झाला म्हणजे तुमच्याखालीही पोकळी आहे असं नाही. चुनखडीतल्या पोकळ्या प्लॉटची हद्द पाळत नाहीत, पण सलगही नसतात. तुम्हाला नाही म्हणणाऱ्या कंपनीने बहुधा तुमचं घर बघितलंच नाही. बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर जवळपासच्या नोंदी बघून पत्ता टाकताच नकार देतं. तो नकार तुमच्या भिंतींबद्दलचं मत नाही.

स्वतः पैसे खर्चून जमीन तपासावी का, असंही विचारलंय. स्वस्तातली रडार तपासणी करणारे बरेच भेटतील. नुसत्या रडारवर मी भरवसा ठेवणार नाही, चिकणमातीत त्याच्या लहरी खोल जात नाहीत आणि तुमच्या भागात चिकणमाती आहे. खरं उत्तर बोअरमधून येतं. खाली जाताना एका खोलीवर हातोडा न मारताच दांडा नुसत्या वजनाने खाली सरकतो, ओतलेलं पाणी परत वर येत नाही, तेव्हा इंजिनिअर मान डोलावतो. ते काम महाग आहे आणि विक्रेता सहसा परवानगी देत नाही. त्यापेक्षा आधी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून फरशीची पातळी मोजून घ्या. इंचभराच्या आत फरक आणि ताज्या भेगा नाहीत, तर बोअरची गरज नाही. एका कोपऱ्याकडे सरळ उतार निघाला आणि त्याच कोपऱ्यात बाहेर पायऱ्यांची भेग असेल, तर बोअरचाही खर्च करू नका, घर सोडा.

बाबांना काय सांगायचं? त्यांचं चूक नाही. भारतात १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक साधारण विमा कंपनीला जी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात घराखालची जमीन खचणं, दरड कोसळणं हे मूळ कव्हरमध्येच आहे, वेगळं मागावं लागत नाही. पण त्यांनाही वगळलेल्या गोष्टींची यादी वाचायला सांगा. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे, भरावाच्या जमिनीचं सरकणं, सदोष बांधकाम, खोदकाम, नदी-समुद्राने कापलेला किनारा, हे तिथेही नाही. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरने तळघरासाठी वीस फूट खणलं आणि त्यांची भिंत तडकली, तर तीही गोष्ट सोपी नाही. आणि मुळात पुण्याखाली काळा बेसाल्ट आहे, तुमच्याखाली चुनखडी.

पुढे कधी क्लेम करायची वेळ आली तर तीन-चार गोष्टी आत्ताच लिहून ठेवा. नुकसान कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, दोन वर्षांत कंपनीला कळवलं पाहिजे, आणि 'कळायला हवं होतं' हे शब्द कंपनीच्या बाजूने वाचले जातात. म्हणून घर ताब्यात घेतल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, शेजारी पट्टी धरून, तारखेसह फोटो काढा. कंपनीने चाचणी न करताच नाकारलं, तर ६० दिवसांत तुम्ही लेखी चाचणी मागू शकता. खर्चाच्या निम्मे किंवा २,५०० डॉलर, यातलं जे कमी ते तुम्ही भरायचं, आणि सिंकहोल निघाला तर ते परत मिळतात. अहवाल पटला नाही तर राज्याच्या वित्तीय सेवा खात्यामार्फत न्यूट्रल इव्हॅल्युएशन मागा, त्याचा खर्च कंपनीवर आहे. निकाल बंधनकारक नसतो, पण तिसऱ्या माणसाची नजर पडते. आणि क्लेम मंजूर झाला की जमीन पक्की करण्याचा करार ९० दिवसांत करावा लागतो, पैसे घेऊन विचार करत बसता येत नाही. दारावर टकटक करून 'फुकट सिंकहोल तपासणी' देऊ करणाऱ्याच्या कागदावर काहीही झालं तरी सही करू नका.

या आठवड्याचं काम एवढंच: ज्या कंपनीने तपासणी मागितली तिला होकार द्या, मुदतवाढ लेखी घ्या, क्लर्ककडच्या नोंदी शोधा, आणि दहा व पाच टक्क्यांचे दोन्ही कोट मागवा. कव्हर मिळालं तर दर नूतनीकरणाला डेक पेजवरची ती ओळ अजून आहे का ते बघत जा. कंपनी बदलताना, विशेषतः तुमची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे आपोआप वळवली जाते तेव्हा, नव्या कंपनीला सिंकहोल एन्डोर्समेंट आणि त्याचं डिडक्टिबल तसंच ठेवताय का, हे ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.